आधी तपासणी दाखवा, मग पार्ट सांगा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की बेटेगावात, बोईसरात, पालघरात गाडीवाल्याचे पुढे काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. गॅरेजमधला पोरगा स्टिअरिंगखाली हात घालतो, सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे येतात आणि लगेच निकाल लागतो: "शेठ, सेन्सर गेला." पाच मिनिटांत काही हजारांचा खर्च ठरतो. तोवर बॉनेट उघडलेले नसते, मल्टीमीटर कपाटातून बाहेर आलेला नसतो, एका वायरीलाही कोणी हात लावलेला नसतो. या प्रकाराला निदान म्हणायला मी तयार नाही. ही अंदाजपंचे केलेली पार्टची विक्री आहे. अंदाज चुकला तर नुकसान गॅरेजवाल्याचे होत नाही, गाडीवाल्याचे होते.

मी तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामावर आहे. रिअॅक्टरचे तापमान वाढल्याचा अलार्म पॅनलवर आला की आम्ही ट्रान्समीटर बदलायला धावत नाही. तापमान खरेच वाढले आहे का ते आधी पाहतो. मग चोवीस व्होल्टचा सप्लाय, मग लूपमधला चार ते वीस मिलिअँपचा सिग्नल, मग टर्मिनल, केबल, अर्थिंग. हे सगळे बरोबर निघाले तरच सेन्सरवर संशय घेतो. अलार्म वाजला म्हणून न मोजता नवा ट्रान्समीटर बसवणारा माणूस कोणत्याही प्लँटमध्ये टिकणार नाही. गाडीतला सेन्सर याहून वेगळा नाही. त्यालाही सप्लाय लागतो, अर्थ लागतो आणि त्याचाही सिग्नल मोजता येतो. ज्या पट्ट्यात फिटर, इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंटवाले गल्लोगल्ली राहतात, त्याच पट्ट्यात न मोजता पार्ट बदलण्याचा धंदा बिनबोभाट चालतो, याची मला चीड येते.

कोड म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ती १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. हेतू एकच होता: धूर वाढवणारा बिघाड गाडीनेच ओळखावा आणि चालकाला सांगावा. कोडचे पहिले अक्षर पी असेल तर बिघाड इंजिन-गिअरबॉक्सकडचा, बी असेल तर बॉडीचा, सी असेल तर ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चॅसिसच्या भागांचा आणि यू असेल तर कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याचा. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. बस. कोणत्या सर्किटमध्ये, कोणती मर्यादा ओलांडली गेली, एवढेच कोड सांगतो. ती का ओलांडली गेली हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. ते शोधणे हे मेकॅनिकचे काम आहे आणि आपण त्याला पैसे त्याच कामाचे देतो.

पी-०१७१ घ्या. अर्थ असा की इंजिनातल्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. माझ्या घरच्या गाडीला हा कोड आला तेव्हा बोईसरातल्या एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा परत आला. मग इंजेक्टर साफ केले. दिवा परत आला. मग फ्युएल पंप बदलायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी गाडी घरी आणली आणि स्कॅनरवर कोडच्या पुढची पाने उघडली. त्यात फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो. मिश्रण सावरण्यासाठी कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो ते तो दाखवतो. एअरफ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात हा आकडा आयडलवर वीस-पंचवीस टक्के वर असेल आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे परतत असेल, तर सेन्सरच्या पुढे कुठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे. आयडलला ठीक आणि चढावर वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा खुद्द एअरफ्लो सेन्सर तपासायचा. माझ्या गाडीत आयडलचाच आकडा चढलेला होता. मॅनिफोल्डखाली एक रबरी होज वळणावर चिरला होता. सेन्सरच्या किमतीपुढे त्याची किंमत चिल्लर होती. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता आणि गॅरेजने त्यालाच काढून फेकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पी-०४२०ची गोष्ट याहून महाग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. त्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असते. याच धातूंसाठी इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत पकडल्या गेल्या आहेत. कोड दिसला की "कॅट गेला" असे सांगून मोकळे होणाऱ्याने आधी एवढे तरी करावे: एक्झॉस्टच्या जोडात गळती आहे का पाहावे, कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ पुढच्याबरोबर वरखाली होतो की स्थिर राहतो ते पाहावे, इंजिन कधी मिसफायर करत होते का ते विचारावे. कारण मिसफायर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही जळणार. आणि बदललाच तर जुना कन्व्हर्टर गाडीवाल्याच्या हातात द्यावा. तो त्याच्या मालकीचा आहे आणि भंगारातही त्याला किंमत आहे.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करते आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे आणि तो लालबुंद तापतो आहे. तेव्हा वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या, टोचन करून न्या. नागझरीच्या चढावर लुकलुकता दिवा घेऊन गाडी रेटणारे मी पाहिले आहेत. त्यांना गाडी विकणाऱ्यानेही हे सांगितले नव्हते आणि दुरुस्त करणाऱ्यानेही नाही.

आपल्या भागात तर न मोजता सेन्सर बदलणे हा दुहेरी मूर्खपणा आहे. जून ते सप्टेंबर इथे पाऊस थांबत नाही. चिंचणी-नवापूरकडून खारी हवा येते. कारखान्यांची आम्लाची वाफ धातूला खाते. भातशेतीच्या कडेला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि वायरिंगचे वेष्टण कुरतडतात. अशा ठिकाणी पहिला संशय कनेक्टरवर, वायरीवर आणि अर्थवर घ्यायचा असतो. क्रँक सेन्सरचा पी-०३३५ आला, गाडी स्टार्ट होत नाही. प्लग काढून पाहा, पिनांवर हिरवट थर आहे का. वायर इंजिनच्या कंसावर घासून उघडी पडली आहे का. बऱ्याच सेन्सरांना कॉम्प्युटरकडून पाच व्होल्ट मिळतात. ते कनेक्टरपर्यंत पोहोचतात का हे मल्टीमीटरची दोन टोके लावून कळते. पाच व्होल्ट पोहोचतच नसतील तर हजार सेन्सर बदला, गाडी सुरू होणार नाही.

बॅटरीचेही तेच. बॅटरी थकली की एबीएस, पॉवर स्टिअरिंग, गिअरबॉक्स, सगळीकडून कोडांचा पाऊस पडतो. यादी पाहून गाडीवाल्याचा चेहरा उतरतो आणि समोरच्याला तेच हवे असते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट असतात, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर फिरताना दाब ९.६च्या खाली कोसळत असेल तर बाकी सगळे कोड बाजूला ठेवा आणि आधी बॅटरीचा प्रश्न सोडवा. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर फरक आला तर अर्थची पट्टी गंजली आहे. यू अक्षराचे कोड असतील तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर लाइन कुठे तरी तुटली आहे. या कुठल्याही मोजणीला महागडे यंत्र लागत नाही. साधा मल्टीमीटर आणि पंधरा मिनिटांचा संयम लागतो. तोच नसेल तर गॅरेजवर "कॉम्प्युटराइज्ड तपासणी" अशी पाटी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

यापेक्षा वाईट प्रकार कोड उडवण्याचा. कोड पडतो त्या क्षणी गाडी त्या वेळची स्थिती जपून ठेवते: आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती तापलेले, लोड किती. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड थंड इंजिनात येतो की तापलेल्या, आयडलला येतो की हायवेवर, हे त्यावरून कळते. आपल्याकडे स्कॅनर लावला की पहिले बटण दाबले जाते ते डिलीटचे. दिवा विझतो, गाडीवाला खूश होतो, पैसे देतो आणि पुरावा कायमचा जातो. आठवड्याने दिवा परत येतो तेव्हा गॅरेज पुन्हा पैसे घेते. न तपासता कोड पुसणे हे काम नाही, ही लबाडी आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात ही लबाडी सर्रास चालते. सौदा ठरायच्या आदल्या दिवशी कोड पुसतात आणि घेणाऱ्याला स्वच्छ डॅशबोर्ड दाखवतात. पण कोड पुसला की गाडीच्या स्वतपासण्याही शून्यावर येतात आणि ठरावीक प्रकारे गाडी चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरच्या रेडिनेसच्या पानावर तपासण्या अपूर्ण दिसल्या तर समजा, कोड नुकताच पुसला आहे किंवा बॅटरी काढली होती. मग सौदा थांबवा. ब्लूटूथचा साधा रीडर ऑनलाइन मिळतो. बरेचसे रीडर कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सच्या चिपची नक्कल असतात आणि काही भिकार निघतात, पण रेडिनेस पाहण्याइतके काम ते करतात. लाखांची गाडी घेताना एवढी काळजी न घेणाऱ्याला फसवणे फार सोपे असते.

डिझेल गाड्यांत हा खेळ आरोग्यावर उठला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला. साठलेली काजळी जाळायला साधारण ५५० ते ६०० अंशांचे तापमान लागते आणि ते मिळायला गाडी थोडा वेळ सलग वेगात चालावी लागते. आता बोईसर स्टेशन ते कंपनीचे गेट, गेट ते बेटेगावच्या सोसायट्या, असा दिवसभर रांगत चालणारा गाड्यांचा धंदा डोळ्यासमोर आणा. फिल्टर तुंबणारच. पी-२४६३ पडतो. योग्य उपाय म्हणजे गाडी चिल्हार फाट्यावरून हायवेला नेऊन ठरावीक वेगाने चालवणे, ते न जमल्यास गॅरेजमध्ये स्कॅनरवरून सक्तीचे रीजनरेशन करणे, म्हणजे काजळी जाळणे, आणि इतकी काजळी का होते याचे कारण शोधणे. त्याऐवजी डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअरमधून त्याची नोंदच उडवून देणारे लोक आहेत आणि ते हे दुरुस्तीच्या नावाखाली विकतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सर्वात प्रदूषित ठरले होते. त्या हवेत श्वास घेणाऱ्या मुलांच्या नाकासमोर डीपीएफ काढलेली गाडी फिरवणारा मालक आणि ती तशी करून देणारा कारागीर, दोघेही गुन्हेगार आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये प्रदूषणाची मानके मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ती वापरायला हवी.

पण वापरणार कशी? आपली पीयूसी तपासणी पाहा. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराची घनता मोजतात आणि कागद देतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडचे माप नाही. ओबीडीच्या सॉकेटला कोणी हातही लावत नाही. चेक इंजिनचा दिवा पेटलेली गाडी पीयूसी घेऊन निघते. सरकारने ज्या यंत्रणेची सक्ती केली, तिचीच नोंद सरकारी तपासणी पाहत नाही! अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तपासणी केंद्रावर हे सॉकेट जोडतात आणि कोड असेल किंवा स्वतपासण्या अपूर्ण असतील तर गाडी नापास करतात. इथे तसे व्हायला कोणते तंत्रज्ञान कमी आहे? एकही नाही. इच्छा कमी आहे.

आता गॅरेजवाल्यांची बाजू. ते म्हणतात, "कंपनी वायरिंगचा नकाशा देत नाही, मूळ स्कॅनर देत नाही, मग आम्ही काय मोजायचे?" ही तक्रार खरी आहे आणि मी ती पूर्ण मान्य करतो. शमशेर कटारिया यांनी २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेमकी हीच तक्रार नेली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने मारुती, टाटा, महिंद्रा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल हा ठपका होता आणि ती खुल्या बाजारात द्या असा आदेश होता. पुढे अपिले झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या यादीतही मोटारी होत्या. एवढे होऊनही रस्त्याकडेच्या मेकॅनिकला गाडीच्या एका सर्किटचा खरा नकाशा मिळवताना घाम फुटतो. मालकाने पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गाडीची माहिती कंपनीने कुलपात ठेवणे ही दादागिरी आहे. ग्राहकाला कंपनीच्याच वर्कशॉपला बांधून ठेवण्यापलीकडे तिचा हेतू नाही.

मात्र नकाशा नाही म्हणून मल्टीमीटरही लावायचा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. बॅटरी मोजायला नकाशा लागत नाही. अर्थ मोजायला लागत नाही. फाटका होज शोधायला लागत नाही. फ्रीझ फ्रेम वाचायला लागत नाही. कंपनीचा अन्याय स्वतःच्या आळसाची ढाल करू नये.

दुसरी तक्रार ऐकतो ती अशी: "तपासणीचे पैसे कोणी देत नाही, पार्ट बदलला तरच मजुरी मिळते." याचा दोष गाडीवाल्यांवर आहे आणि तो त्यांनी घ्यावा. तास-दीड तास खपून मेकॅनिकने एक सैल पिन शोधली आणि ती घट्ट करून गाडी सुरू केली, तर आपण म्हणतो, "काही बदलले तर नाही, पैसे कसले?" त्याच माणसाने न तपासता सेन्सर बदलला असता तर आपण मुकाट्याने बिल भरले असते. ज्ञानाला शून्य आणि पार्टला हजारो मोजणारे गिऱ्हाईक असेल, तर गॅरेज पार्टच विकणार. तपासणीची मजुरी वेगळी ठरली पाहिजे, आधी सांगितली पाहिजे आणि पार्ट लागो न लागो, दिली पाहिजे.

आता आयटीआयकडे वळतो. मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून मुले गॅरेजांत उतरतात. त्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने व्होल्टेज ड्रॉप मोजता आला पाहिजे, सर्किटचा नकाशा वाचता आला पाहिजे, फ्युएल ट्रिमचा अर्थ सांगता आला पाहिजे. तारापूरच्या कारखान्यांत लूप तपासणारे जाणते लोक आहेत. संस्थांनी त्यांना वर्गात बोलवावे, मी पहिला जाईन. आदिवासी पाड्यांतून, बोईसरच्या चाळींतून येणाऱ्या या मुलांना पाना फिरवणारा मजूर करून ठेवायचे की विचार करणारा तंत्रज्ञ करायचे, हा प्रश्न इथे आहे. स्कॅनरचे बटण दाबणे कोणालाही एका दुपारी शिकवता येते, त्याला ट्रेड लागत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. परिवहन विभागाने पीयूसीत ओबीडीची तपासणी आणावी. कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे आणि दुरुस्तीची माहिती वाजवी दरात प्रत्येक गॅरेजला द्यावी. गॅरेजने बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता कोड आला, काय मोजले, किती आले. आणि जुना पार्ट परत द्यावा. हे न करता चुकीचा पार्ट गळ्यात मारला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेतल्या उणिवेविरुद्ध दाद मागू देतो, ती मागा. पहिले दोन बदल व्हायला वेळ लागेल. तिसरा उद्या सकाळपासून होऊ शकतो, कारण तो तुमच्या माझ्या हातात आहे. दिवा लागला की कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, पुसू देऊ नका आणि सरळ विचारा, "दादा, काय मोजलंत?" जो मोजून दाखवेल त्याला तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्या. जो हा प्रश्न ऐकून चिडेल त्याच्या दारातून गाडी परत फिरवा.